मॉनिटर कॅलिब्रेटर: आठ महिने वापरल्यानंतर, एका मोरपंखी पैठणीच्या निमित्ताने

येवल्यातल्या एका विणकर कुटुंबासाठी मी पैठण्यांचे फोटो काढतो. साड्या फोनवर फोटो पाहूनच विकल्या जातात, म्हणजे गिऱ्हाईक रंगाच्या भरवशावर पैसे भरतं. गेल्या वर्षी एक मोरपंखी साडी परत आली. फोटोत निळी दिसत होती, घडी उघडली तर हिरवी निघाली, अशी तक्रार. विणकर काका रागावले नाहीत. साडीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "दीड महिना बसलोय रे हिच्यावर." त्याच आठवड्यात मी कॅलिब्रेटर घेतला, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून ते नीट करायचं साधन.

माउसएवढी डबी असते. ती स्क्रीनवर टेकवायची, सॉफ्टवेअर एकेक रंगाचे चौकोन दाखवतं आणि डबी ते मोजते. मी सोबतच्या सॉफ्टवेअरऐवजी डिस्प्लेकॅल वापरतो. ते मोफत आहे आणि मोजमाप जास्त बारकाईने करतं. मॉनिटर अर्धा तास आधी चालू ठेवायचा, खोलीतला उजेड रोजचाच ठेवायचा.

पहिल्या मोजणीत रंगाआधी ब्राइटनेसचीच चूक सापडली. स्क्रीन २६० कँडेलावर (हे उजेडाचं माप) होती, ती मी १०० वर आणली. दोन दिवस सगळं अंधारं आणि पिवळसर वाटलं, मग डोळे सरावले. प्रिंट काळपट येतात म्हणून मी इतकी वर्षं लॅबवाल्याशी वाद घालत होतो. झगझगीत स्क्रीनवर बघून मीच फोटो गडद करत होतो. त्या भल्या माणसाला नंतर जाऊन तसं सांगितलंही.

पण मोरपंखी एवढ्याने जुळला नाही. खरी गाठ एक्सपोर्टमध्ये, म्हणजे एडिटिंगनंतर शेवटची फाइल काढताना होती. फाइलमध्ये रंगाचे नुसते आकडे असतात. ते कोणत्या मापाने वाचायचे हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी हे १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आखलेलं माप, ॲडोबी आरजीबी १९९८ चं आणि हिरव्या-निळ्या बाजूला बरंच मोठं. मोरपंखी नेमका त्या वाढीव भागात पडतो. मी फोटो ॲडोबी आरजीबीमध्येच पाठवत होतो. प्रोफाइल न वाचणारं ॲप ते आकडे एसआरजीबीचेच समजतं, आणि साडी विटकी, वेगळ्याच छटेची दिसते. आता एडिटिंग मोठ्या मापात करतो आणि शेवटी एसआरजीबीत कन्व्हर्ट करून, प्रोफाइल फाइलमध्येच ठेवून देतो. कन्व्हर्ट, असाइन नव्हे! असाइन केलं की आकडे तेच राहतात आणि अर्थ बदलतो. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात, रंग शक्य तितका तोच राहतो.

जे रंग एसआरजीबीत बसतच नाहीत, ते लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे शेवटचा फोटो कसा दिसेल ते स्क्रीनवरच आधी दाखवणाऱ्या सोयीत, लाल रंगात दिसतात. तिथे मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, जरा उतरवतो. नाहीतर पदराचा एक सपाट डाग होतो आणि विणकाम बुजतं. रंग किंचित कमी चालेल, विणलेला मोर पुसला जाता कामा नये.

प्रिंटसाठी लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागून घेतलं आणि ऑटो करेक्शन, म्हणजे मशीनने आपणहून रंग बदलणं, बंद करायला सांगितलं. या दुसऱ्या गोष्टीचा फरक फार मोठा पडला. कॅटलॉग मात्र छापखान्यात ऑफसेट मशीनवर छापला, तिथे राणी रंग फिकाच आला. चार शाईंच्या छपाईत तेवढा झळझळीत गुलाबी बसत नाही. काकांना हे छापायच्या आधीच सॉफ्ट प्रूफवर दाखवलं होतं. प्रिंट तपासायचा तो खिडकीपाशी, दिवसाउजेडी. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उजेडात वेगळे निघतात.

व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे त्याची फाइल पुन्हा दाबून लहान केली जात नाही. समोरच्या फोनवर रंग भडक करणारा व्हिव्हिड मोड किंवा रात्रीचा पिवळा उजेड चालू असेल तर माझा इलाज नाही. शिवाय पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव होते, साडी हलली की रंग पालटतो. म्हणून आता प्रत्येक साडीचे दोन कोनांतून फोटो देतो, आणि सुरुवातीच्या एका शॉटमध्ये ग्रे कार्ड, म्हणजे नेमक्या करड्या रंगाचा तुकडा, ठेवून व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) त्यावरून घेतो.

तक्रारी आहेत. महिन्यातून एकदा मोजणी करावीच लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पॅनल एसआरजीबीचे दोन तृतीयांश रंगच दाखवतो; कॅलिब्रेटरने तो सरळ केला, पण नसलेले रंग आणणार कुठून? चांगला मॉनिटर नसेल तर आधी तो घ्या, डबी नंतर.

गेल्या महिन्यात काकांनी नवा प्रिंट आणि साडी खिडकीत शेजारी धरली. काठ जुळला, मोरपंखी जुळला. जरीची चमक कागदावर उतरली नव्हती. त्यांनी प्रिंट मागावरच्या भिंतीला लावून टाकला.