सोनेगाव की बिरसी?

आमगावच्या भाच्याला बी.ए.च्या प्रकल्पासाठी जुना लष्करी विमानतळ हवाय. नागपूरचं सोनेगाव घेऊ की गोंदियाजवळचं बिरसी, यात तो अडकलाय.

इतिहास पाहिला तर सोनेगाव कितीतरी पुढे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरुवात, दुसऱ्यात ब्रिटिश हवाई दलाचा तळ, आणि १९४९ पासून रात्रीची टपालसेवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथे यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करून आल्या वाटेने परतायची. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा इतका रोकडा फायदा दुसऱ्या कुणी क्वचितच घेतला असेल! १९७३ साली ते थांबलं. बिरसी दुसऱ्या महायुद्धातलं. आता तिथे वैमानिक घडतात, २०२२ साली प्रवासी विमानंही सुरू झाली.

मेहनतीचं मात्र उलटं. सोनेगावात हवाई दल आजही आहे, फोटोचं नाव काढायचं नाही. सगळं काम ग्रंथालयात. बिरसीला धानाच्या बांधावरून शिकाऊ विमानांच्या घिरट्या दिसतात, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलता येतं. खर्च एसटीच्या तिकिटाचा.

कागदात रमणाऱ्याने सोनेगाव घ्यावं, माणसांत रमणाऱ्याने बिरसी. भाच्याला ग्रंथालयात झोप येते, त्याला बिरसीच बरं.