साधा भूतकाळ, म्हणजे सिम्पल पास्ट: सोसायटीची मिनिट्स लिहिताना काही महिने वापरून

आमच्या सोसायटीत निम्म्या सभासदांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून मिनिट्स इंग्रजीत. सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यावर मी ठरवलं, शक्य तितकं सगळं सिम्पल पास्टमध्ये लिहायचं. 'हॅड' आणि 'हॅज' फार अडलं तरच. काही महिने झाले, आता बोलायला हरकत नाही.

सगळ्यात मोठा फरक 'हॅड' गेल्याने पडला. जुन्या वह्या उघडा, प्रत्येक पानावर 'द मेंबर हॅड कम्प्लेन्ड', 'द कमिटी हॅड डिसायडेड'. हे कुठून येतं ते मराठी माणसाला सांगायला नको. आपण 'काल बँकेत गेलो होतो' म्हणतो, नुसतं 'गेलो' म्हटलं की सांगणं अर्धवट वाटतं. तो 'होतो' इंग्रजीत 'हॅड' होऊन बसतो. इंग्रजीत मात्र 'येस्टरडे' म्हटलं की 'वेंट' पुरेसं आहे. 'हॅड गॉन' म्हटलंत तर ऐकणारा विचारणार, बरं, मग पुढे काय झालं?

'हॅज'चं दुखणं तारखेचं. '5 मे रोजी ऑडिटरची नेमणूक केली आहे' हे मराठी वाक्य बिनचूक आहे. तेच 'हॅज अपॉइंटेड ऑन फिफ्थ मे' केलं की चुकलं. तारीख, 'लास्ट वीक', 'अगो' असं काही आलं, की घटना त्या वेळेत बंद झाली; तिथे 'अपॉइंटेड'च. मिनिट्समध्ये जवळपास प्रत्येक गोष्टीला तारीख असतेच, त्यामुळे या कामासाठी हा काळ अगदी मापाचा आहे.

मग 'हॅड' कायमचा हद्दपार करावा का? नाही. तळमजल्यावर पाणी शिरलं, त्या प्रकरणात मला तो सन्मानाने परत आणावा लागला. 'व्हेन द प्लंबर केम, द वॉचमन क्लोज्ड द व्हॉल्व्ह' म्हणजे प्लंबर आला आणि त्यानंतर वॉचमनने व्हॉल्व्ह बंद केला. 'हॅड क्लोज्ड' म्हणजे प्लंबर यायच्या आधीच केलेला होता. नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचं हे त्या एका शब्दावर ठरत होतं, आणि दोन्ही बाजूंचे सभासद वाक्य बोट ठेवून वाचत होते. दोन घटनांचा क्रम उलटा सांगायचा असेल तर 'हॅड' हवाच. एरवी घटना घडल्या त्या क्रमाने लिहा, गरज पडत नाही.

नोटीस बोर्डावर हा काळ कमी पडतो. 'द लिफ्ट ब्रोक डाउन' वाचून लोक विचारतात, मग दुरुस्त झाली का? बिघडली आहे आणि अजून बंद आहे, हे सांगायला 'हॅज ब्रोकन डाउन' लागतं.

प्रश्न आणि नकार यांच्यासाठी 'डिड' आहे. भूतकाळ 'डिड'ने घेतला की मूळ क्रियापद मोकळं: 'डिड यू रिसीव्ह', 'डिडन्ट पे'. 'डिडन्ट पेड' आमच्या ग्रुपवर रोज दिसतं. दोन अपवाद मात्र शिकवणीत घाईघाईत उरकतात. 'वॉझ' आणि 'वेअर' यांना 'डिड' लागत नाही. आणि 'हू' हाच कर्ता असेल तरी लागत नाही: 'हू पार्क्ड हिअर?' पण 'हू डिड यू कॉल?' पार्किंगच्या भांडणात पहिला प्रश्न जास्त उपयोगी.

एक गंमत, किंवा तापच. मराठी भूतकाळ पुढचंही सांगतो. प्लंबर फोनवर 'निघालो' म्हणतो तेव्हा तो घरीच असतो, आणि 'आलोच' म्हणजे अजून अर्धा तास. हे इंग्रजीत 'आय केम' करून कमिटीला कळवू नका. इंग्रजीचा भूतकाळ पुढे जातो तो वेगळ्या वाटेने: 'इट्स टाइम वुई पेंटेड द बिल्डिंग' म्हणजे रंग अजून लागलेला नाही, लावायला हवा. थकबाकीदाराला लिहिताना 'आय वॉन्टेड टू आस्क' हे 'आय वॉन्ट'पेक्षा मऊ पडतं. पैसे लवकर येतात असं मात्र नाही.

सभेत मिनिट्स मोठ्याने वाचायची असतील तर शेवटच्या 'ईडी'कडे लक्ष द्या. 'आस्केड', 'पार्केड' नाही, 'आस्क्ट', 'पार्क्ट'. 'प्लॅन्ड'मध्ये नुसता 'ड' ऐकू येतो. पूर्ण 'इड' फक्त 'टी' किंवा 'डी'च्या आवाजानंतर: 'रिक्वेस्टेड', 'डिसायडेड'. 'रीड' हे क्रियापद लिहायला तेच राहतं आणि भूतकाळात 'रेड' वाचायचं, हे मात्र पाठच करावं लागतं.

पाठांतर हाच यातला खरा खर्च. अनियमित क्रियापदं दोनशेच्या आसपास आहेत आणि नेमकी रोजची बरीचशी त्यातच: 'गो', 'कम', 'से', 'गिव्ह', 'टेक'. मिनिट्ससाठी मात्र चाळीसेक पुरतात. मला सगळ्यात वात आणतं ते 'ले'. कॉन्ट्रॅक्टरने पाइप टाकला तर 'लेड', आणि पाइप पॅसेजमध्ये नुसता पडून होता तर 'ले'. पुन्हा हेच 'ले' टाकणे या क्रियापदाचा वर्तमानकाळ. मी सरळ 'पुट' लिहितो. ते तिन्ही रूपांत 'पुट'च राहतं, आणि त्यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.