दोघांचा एक लॅपटॉप आणि रिफाइंड

आमच्याकडे लॅपटॉप एक आणि तो वापरणारे दोघं. नवऱ्याचं टॅली आणि जीएसटीचं काम विंडोजवर, माझं आर आणि लेटेकचं काम उबुंटूवर. मशीन चालू झालं की कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा, उबुंटूबरोबर येणारा ग्रब हा प्रोग्राम भरवशाचा आहे, सिक्युअर बूट (अनोळखी बूट प्रोग्राम अडवणारी सोय) चालू असतानाही विनातक्रार चालतो. तरी मी घरच्या मशीनवर त्याच कामाचा रिफाइंड हा दुसरा प्रोग्राम टाकला, आणि ज्यांच्या घरी संगणक एकट्याचा नाही त्यांना मी तोच सुचवेन.

ग्रबचा मेन्यू म्हणजे काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. पहिली उबुंटू, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्याखाली कुठेतरी डिस्कच्या पार्टिशनच्या नावासकट विंडोज. दहा सेकंदांत बाण खाली नेला नाही की उबुंटू सुरू. वीस तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची घाई असताना स्वयंपाकघरापर्यंत हाक येते, "अगं, परत तुझंच उघडलं!" शेवटची निवड लक्षात ठेवायला ग्रबला सांगता येतं, पण दोघं आलटूनपालटून बसणार असतील तर शेवटची निवड बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असते.

रिफाइंडमध्ये मोठी चित्रं दिसतात. विंडोजची खिडकी, उबुंटूचं वर्तुळ. बाण, एंटर, झालं. रॉडरिक स्मिथ यांनी रिफिट या जुन्या प्रकल्पावरून २०१२ मध्ये तो पुढे आणला. दिसण्यापेक्षा मला त्याची काम करायची रीत जास्त आवडते. दर वेळी मशीन चालू झालं की तो स्वतः डिस्क धुंडाळतो आणि जे सापडेल ते दाखवतो. ग्रबची यादी आधी तयार करून ठेवावी लागते. शिवाय २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंदच असतो, तो सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. रिफाइंडकडे एक्स्ट-४ चा (लिनक्स डिस्कवर फाइली ठेवतं त्या पद्धतीचा) ड्रायव्हर आहे, त्यामुळे तो लिनक्सचं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, थेट उचलतो. ग्रब मी काढलेला नाही, अडीअडचणीला असू दे.

पहिल्यांदा मात्र पडद्यावर गर्दी दिसते. कर्नेल वेगळं, शिम (सिक्युअर बूटमधून वाट काढून देणारा छोटा प्रोग्राम) वेगळा, ग्रब वेगळा, वर फॉलबॅकची म्हणजे पर्यायी बूटची फाइल. नको त्या चित्रावर जाऊन डिलीट दाबायचं, तो विचारतो, हो म्हणायचं. चुकून कामाचं लपवलं तरी खालच्या ओळीतल्या हिडन टॅग्जमधून परत आणता येतं. आमच्याकडे आता दोनच चित्रं उरली आहेत. जुनी कर्नेल हवी असतील तर एफ-२ मध्ये मिळतात.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. रिफाइंडच्या सेटिंगच्या कॉन्फ फाइलमध्ये, आपोआप काय उघडायचं ते सांगणाऱ्या डिफॉल्ट सिलेक्शनच्या ओळीला वेळ जोडता येते! अशा ओळी कितीही लिहा, त्या घडीला लागू पडणाऱ्यांतली शेवटची धरली जाते. मी आधी वेळेशिवाय लिनक्सच्या कर्नेलच्या फाइलचं नाव (vmlinuz) लिहिलं, त्याखाली मायक्रोसॉफ्ट, ३:३० ते १३:३०. हे आकडे विचित्र वाटतील, पण इथे मदरबोर्डचं घड्याळ चालतं आणि आमच्याकडे ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे (विंडोजलाही रजिस्ट्रीतून तसंच सांगितलंय). साडेपाच तास मिळवा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. म्हणजे दिवसा काही न दाबता त्याचं टॅलीचं विंडोज येतं आणि रात्री माझं उबुंटू. थांबायचा वेळ मुळात वीस सेकंद असतो, तो मी आठवर आणला.

आता अडचणी. सिक्युअर बूट बंद करायचं नसेल तर रिफाइंडसाठी शिम लावून एमओकेच्या (मशीनमालकाच्या किल्ल्यांच्या) निळ्या पडद्यावर किल्ली नोंदवावी लागते; पहिल्यांदाच करणाऱ्याने हे जाणत्याला शेजारी बसवून करावं. जुन्या बायॉसच्या पीसीवर रिफाइंडचा विचारच करू नका, तिथे ग्रबच. काही लॅपटॉपचं फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) मनानेच विंडोजला पुढे घेतं, मग लिनक्समधल्या ईएफआय-बूट-मॅनेजर या कमांडने क्रम पुन्हा लावावा लागतो. आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने) बंद असेल तर काहीही बदलण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बूटची वाट बदलली की ती मागितली जाऊ शकते. ऐन मुदतीच्या दिवशी अठ्ठेचाळीस आकडी की शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

सिस्टिमडी-बूट हा तिसरा बूट प्रोग्रामही पाहिला. सुटसुटीत आहे, पण कर्नेल सहसा ईएफआयच्या पार्टिशनवर (बूटच्या फाइली असतात त्या डिस्कच्या छोट्या भागावर) ठेवायला लागतात आणि आमच्याकडे विंडोजने ते शंभर एमबीचंच करून ठेवलंय. तिथेच विषय संपला.

रिफाइंड फुकट आहे, उबुंटूत ॲप्ट या कमांडने बसतो. पेनड्राइव्हवर टाकायची इमेजही मिळते. तिच्यावरून एकदा मशीन चालू करून बघा, दोन्ही सिस्टिम दिसतात की नाही ते डिस्कला हात न लावता कळतं.