ॲलिस इन चेन्सचा 'ब्लॅक गिव्ह्ज वे टू ब्लू' : चौदा वर्षांनी परतलेला आवाज

मला विचाराल तर रॉकमधला सगळ्यात प्रामाणिक कमबॅक अल्बम हाच. सीडी विकत घेऊन ऐकायची सवय ज्यांची अजून सुटलेली नाही, त्यांनी तो जरूर घ्यावा. माझी प्रत मी जुन्या सीडी-रेकॉर्डच्या दुकानातून घेतली. डबीला बारीक तडा गेलाय, आतली पुस्तिका मात्र कोरी करकरीत आहे. मी राहते सिॲटलच्या पूर्वेला, कर्कलंडमध्ये. बँडचा पहिला गायक लेन स्टेली १९६७ साली याच गावात जन्मला. सांगलीत भावाच्या कॅसेटवर ज्याचा आवाज ऐकत मोठी झाले, त्याच्या गावात मी आता भाजी आणायला जाते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. १९८७ मध्ये सिॲटलमध्ये सुरुवात. गिटारवर जेरी कँट्रेल, ड्रम्सवर शॉन किनी, गायला लेन. १९९२ चा 'डर्ट' हा त्यांचा सगळ्यात गाजलेला अल्बम. १९९४ मध्ये 'जार ऑफ फ्लाइज' नावाची सात गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा संच, आली आणि बिलबोर्ड मासिकाच्या अमेरिकेतल्या खपाच्या यादीत थेट पहिल्या नंबरवर उतरली. त्याआधी कुठल्याच ईपीला ते जमलं नव्हतं. १९९५ चा अल्बमही पहिल्या नंबरवर गेला. तोवर लेनला हेरॉइननं पुरतं धरलं होतं. ३ जुलै १९९६ ला कॅन्सस सिटीत 'किस' बँडच्या आधी ते वाजले, आणि लेनबरोबरचा तो शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला. त्यानंतर लेन हळूहळू घराबाहेर पडेनासाच झाला. एप्रिल २००२ मध्ये तो सिॲटलमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये वारला. वय ३४. गेल्याचं जगाला कळायला दोन आठवडे लागले. हे दोन आठवडे माझ्या मनातून आजही जात नाहीत.

बँड मोडल्याची घोषणा कुणी कधी केली नाही. नुसती शांतता होती. ती मोडली एका भलत्याच कारणानं, आणि त्याचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनं तमिळनाडूपासून इंडोनेशियापर्यंत हाहाकार उडवला. त्या आपद्ग्रस्तांसाठी निधी गोळा करायला १८ फेब्रुवारी २००५ ला सिॲटलमध्ये एक कार्यक्रम झाला. कँट्रेल, किनी आणि बासवाला माइक आयनेझ तिथे पुन्हा एकत्र उभे राहिले. गायला पाहुणे गायक होते. पुढच्या वर्षी दौरे सुरू झाले आणि त्यात विल्यम ड्यूव्हॉल आला. हा अटलांटाच्या संगीतवर्तुळात वाढलेला, 'कम्स विथ द फॉल' या स्वतःच्या बँडचा गायक आणि गिटारिस्ट. कँट्रेलच्या एकट्याच्या दौऱ्यात तो आधीच साथीला होता, म्हणजे जाहिरात देऊन शोधलेला माणूस नव्हे.

तरी चाहते चिडले. लेनशिवाय हे नाव लावायचंच कशाला, असं पुष्कळांचं म्हणणं होतं, आणि मला ते समजतं. ज्या आवाजानं आपल्याला वाईट दिवसांत धरून ठेवलं, त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहिलेला बघवत नाही. अल्बम येण्याआधी माझ्या भावाचंही हेच मत होतं. त्याच्याशी मी फोनवर तासन् तास वाद घातलाय.

या वादाचं उत्तर अल्बम उघडल्या उघडल्या मिळतं. 'ऑल सीक्रेट्स नोन' हे पहिलं गाणं. गिटार संथ, जड पावलांनी येते, आणि मग आवाज येतो तो कँट्रेलचा, ड्यूव्हॉलचा नव्हे. पहिलाच शब्द 'आशा' या अर्थाचा आहे. जिथून निघालो तिथे परत जाता येणार नाही, हेही लगेच सांगून टाकलंय. १९९५ च्या अल्बमनंतर चौदा वर्षांनी दार उघडताना नव्या गायकाला पुढे ढकलून लोक काय म्हणतात ते बघायचं, असा मार्ग सोपा होता. कँट्रेल स्वतः पुढे आला. ज्याचा मित्र गेला त्यानंच पहिलं तोंड उघडलं. पुढे बहुतेक अल्बमभर मुख्य आवाज त्याचाच आहे आणि ड्यूव्हॉल त्याला बिलगून गातो. 'लास्ट ऑफ माय काइंड' मात्र ड्यूव्हॉलचं. तिथे तो लेनची नक्कल अजिबात करत नाही. त्याच्या आवाजाला पंक गाणाऱ्याची धार आहे, लेनचा तो खोल, घशातून पिळून निघणारा सूर नाही. हे त्यानं लपवलं नाही, म्हणून मला तो पहिल्यापासून आवडला.

ही मांडणी मला का पटते, ते गाण्याच्या अंगानं सांगते. मी लहानपणी सात-आठ वर्षं गाणं शिकले. आपल्याकडे दोघं एकत्र गातात तेव्हा बहुधा एकच स्वर लावतात, नाहीतर एक थांबला की दुसरा उचलतो. ॲलिस इन चेन्समध्ये दोन आवाज एकाच वेळी तेच शब्द वेगवेगळ्या स्वरांवर गातात, आणि ते अंतर असं निवडलेलं असतं की ऐकताना गोड वाटण्याआधी अस्वस्थ वाटतं. वरचा आवाज कुठला आणि खालचा कुठला, हे नीट लक्ष दिल्याशिवाय सांगता येत नाही. लोक त्याला लेनचा आवाज म्हणायचे, पण त्यातला अर्धा आवाज सुरुवातीपासून कँट्रेलचा होता. 'डर्ट'मधलं 'वुड?' पुन्हा ऐका. सिॲटलच्याच 'मदर लव्ह बोन'चा गायक अँड्र्यू वुड १९९० मध्ये हेरॉइनमुळेच गेला, त्याच्यासाठी कँट्रेलनं ते लिहिलं. कडवी तो स्वतः गातो, ध्रुवपद लेन. मित्रासाठी गाणं लिहायची वेळ त्याच्यावर एकदा येऊन गेलेली होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा ध्रुवपद घ्यायला लेन नव्हता.

अल्बम तयार कसा झाला तेही महत्त्वाचं आहे. रेकॉर्ड कंपनीचा करार हातात नसताना कँट्रेल आणि किनी यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. ऑक्टोबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिजला, फू फायटर्स या रॉक बँडच्या 'स्टुडिओ ६०६'मध्ये काम सुरू झालं आणि पुढच्या मार्चमध्ये संपलं. निर्माता निक रास्क्युलिनेट्झ हा बँडचा जुना चाहता. काम संपत आल्यावर व्हर्जिन-ईएमआयशी करार झाला. म्हणजे कंपनीनं सांगितलं म्हणून जुनं नाव परत बाजारात आणलं, असं इथे म्हणता येत नाही. बनवता बनवता कँट्रेल आजारी पडला. डोकं असह्य दुखायचं, तपासण्यांत काहीच निघेना. इतकी वर्षं आत साठलेलं लेनचं दुःखच बाहेर पडत होतं, असं त्यानं नंतर मुलाखतींत सांगितलं. मला यात नाटक वाटत नाही. ज्यांनी जवळचं माणूस गमावूनही लगेच कामाला जुंपून घेतलंय, त्यांना अंगातून निघणारं असं दुखणं ओळखीचं असेल.

त्या आजारपणातून निघालेलं गाणं म्हणजे अल्बमचं शेवटचं, त्याच्याच नावाचं. जेमतेम तीन मिनिटांचं. ड्रम्सचा दणका नाही, गिटारची भिंत नाही, आणि पियानोवर एल्टन जॉन. कँट्रेलच्या मालकीचा पहिला अल्बम एल्टन जॉनचा होता आणि लेननं आयुष्यात पाहिलेली पहिली मैफलही एल्टन जॉनचीच. म्हणून कँट्रेलनं त्याला गाणं पाठवून विचारलं आणि तो हो म्हणाला. एवढा मोठा माणूस आला की आपली छाप सोडायचा मोह होतोच. इथे तो काय करतो ते हेडफोन लावून ऐका. तो फक्त स्वर ठेवतो. ओळ संपते तिथे दोन-तीन स्वर, ओळ सुरू होते तिथे त्याहून कमी. पहिल्यांदा ऐकताना पियानो आहे हे उशिरा लक्षात येतं. लेनचं नाव गाण्यात कुठेही नाही आणि ते कुणासाठी आहे याबद्दल तिळमात्र शंका राहत नाही. मी हे गाणं गाडीत लावत नाही. पावसात चारशेपाच नंबरच्या हायवेवर डोळे भरून आले तर पंचाईत होते.

मधली गाणी. 'चेक माय ब्रेन'चा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, ऐकून भाऊ म्हणाला होता, टेप अडकली का? तार ओढून स्वर जागेवरून सरकवलाय आणि तो मुद्दाम परत नीट बसवलेला नाही. आपण मींड घेतो तेव्हा एका स्वरावरून निघून दुसऱ्यावर अचूक पोचायचं असतं. इथे गिटार निघते आणि पोचतच नाही, मधेच लोंबकळत राहते. त्या डुगडुगणाऱ्या रिफवर ध्रुवपद मात्र इतकं मोकळं की दुसऱ्याच वेळेला तोंडात बसतं. सिॲटल सोडून कॅलिफोर्नियात राहायला गेलेल्या कँट्रेलचं हे गाणं आहे. सूर्यप्रकाशात बरं वाटतंय याचाच त्याला धक्का बसलाय. पावसाच्या गावात राहणारीला ते नेमकं कळतं.

'युवर डिसिजन' अकूस्टिक गिटारवरचं आहे. 'जार ऑफ फ्लाइज' ज्यांना आवडते त्यांना इथे घरी आल्यासारखं वाटेल. 'अ लुकिंग इन व्ह्यू' सात मिनिटांचं आणि अल्बममधलं सगळ्यात जड. अल्बमच्या आधी लोकांसमोर पहिलं हेच गाणं आलं. रेडिओवर चालेल असं छोटं, गोड गाणं आधी न देता हे दिलं, म्हणजे जुन्या चाहत्यांना आधी भेटायचं ठरवलं होतं, असं मी मानते. आणि या गाण्यात कँट्रेल-ड्यूव्हॉल यांचे आवाज असे मिसळतात की भावाशी चाललेला माझा वाद इथेच संपला. त्यानं फोनवर एवढंच विचारलं, "ताई, यातला नवीन कुठला?"

'ॲसिड बबल' मला फार आवडतं. संथ चालीत मधेच वेगळाच, तुटक ठेका घुसतो, त्यामुळे ते नुसतं लांबलेलं वाटत नाही.

आता कमी काय ते. 'लेसन लर्न्ड' आणि 'टेक हर आउट' ही लागोपाठची दोन गाणी नीट बांधलेली आहेत, पण ती नसती तरी मला चुकल्यासारखं झालं नसतं. 'ॲसिड बबल'नंतर ऐकणाऱ्याला काहीतरी उघडं, हलकं हवं असतं. त्याऐवजी मध्यम वेगाची, मध्यम जडपणाची गाणी येतात, आणि 'प्रायव्हेट हेल' येईपर्यंत लक्ष भरकटतं. दुसरी तक्रार आवाजाच्या पातळीची. त्या काळातल्या पुष्कळ रॉक सीडींसारखीच हीसुद्धा फार वरच्या पातळीवर मास्टर केलेली आहे, म्हणजे शेवटच्या टप्प्यात सगळाच आवाज मोठा करून ठेवलाय. किनी मुद्दाम हळू वाजवतो तिथे ते हळूपण पुरतं पोचत नाही. चांगल्या स्पीकरवर तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर कान थकतात. मी आवाज नेहमीपेक्षा बराच खाली ठेवून ऐकते, आणि तसं ऐकल्यावर दोन आवाजांतलं अंतर जास्त स्वच्छ कळतं.

अल्बम २९ सप्टेंबर २००९ ला आला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत सव्वा लाखावर प्रती खपल्या आणि बिलबोर्डवर तो पाचव्या नंबरवर उतरला. 'चेक माय ब्रेन' तिथल्या रॉक रेडिओच्या याद्यांमध्ये वर पोचलं. मे २०१० पर्यंत पाच लाख प्रतींचं गोल्ड सर्टिफिकेट मिळालं. 'चेक माय ब्रेन' आणि पुढच्या वर्षी 'अ लुकिंग इन व्ह्यू' अशी सलग दोन वर्षं ग्रॅमीची नामांकनंही आली. सीडीचा बाजार बसत चाललेल्या काळात हे आकडे लहान नाहीत. मला त्याहून मोठी वाटते ती ही गोष्ट, की नाव बदला म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण पुढच्या दौऱ्यांत पहिल्या रांगेत दिसायला लागले. ड्यूव्हॉलला कुणी लेन म्हणून स्वीकारलं नाही. त्यानं तशी मागणीच केली नव्हती. त्यानंतर याच चौघांनी २०१३ मध्ये 'द डेव्हिल पुट डायनासोर्स हिअर' आणि २०१८ मध्ये 'रेनियर फॉग' काढला. ड्यूव्हॉलला त्यांत जास्त जागा मिळाली आणि ती त्यानं कमावलेली होती.

घ्यायचा तर कसा ऐकावा? बँड अगदीच नवा असेल तर आधी 'डर्ट' ऐका, मग 'जार ऑफ फ्लाइज', आणि मगच हा. लेनचा आवाज कानात बसल्याशिवाय इथे काय नाही ते कळणार नाही, आणि ते न कळता ऐकलं तर हा एक चांगला हेवी अल्बम एवढंच हाती लागेल. गाण्यांचा क्रम बदलू नका. शफल तर अजिबात नको, पहिलं गाणं पहिलं आणि शेवटचं शेवटीच हवं. चोपन्न मिनिटांचा वेळ काढा. मधली ती दोन गाणी सोडलीत तरी माझी हरकत नाही. पाचपैकी साडेचार, आणि अर्धा कापलाय तो मास्टरिंगसाठी.