थेंबभर नमुना : स्मीअर करावा की सेल ब्लॉक?

फुफ्फुसातल्या गाठीतून किंवा छातीतल्या लिम्फ नोडमधून सुईने काढलेला नमुना बहुतेक वेळा थेंबभरच असतो. तो काचेवर पसरायचा (स्मीअर) की फॉर्मॅलिनमध्ये सोडून, मेणात बसवून त्याचे पातळ छेद काढायचे (सेल ब्लॉक), हे उभ्या उभ्याच ठरवावं लागतं. मी बरीच वर्षं पसरणाऱ्यांपैकी होतो.

स्मीअरचं कौतुक मनापासून करतो. केंद्रकाचा बारकावा त्यात दिसतो तसा ब्लॉकच्या छेदात मला तरी दिसत नाही. पॅप स्टेनमध्ये (पेशी रंगवायची एक पद्धत) केराटिन असलेल्या पेशी केशरी उठून दिसतात, स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी एकमेकींना चेपून बसलेल्या सापडतात. शिवाय टोल्युइडिन ब्लू हा रंग लावून नमुना पुरेसा आहे का, हे ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेली तपासणी) चालू असतानाच सांगता येतं. ब्लॉक असं काही सांगत नाही. तो उद्यावर जातो, आणि कधी कधी कापून पाहावं तर नुसतं रक्त.

पण 'नॉन-स्मॉल सेल' एवढं लिहून सही करायचे दिवस गेले. ॲडिनो की स्क्वेमस हा उपप्रकार ठरवायला टीटीएफ-१ आणि पी४० हे स्टेन, मग औषध निवडण्यासाठी ईजीएफआर, एएलके, रॉस१ ही जनुकं आणि पीडी-एल१ हे प्रथिन. स्मीअरवरून जनुकीय तपासणी होत नाही असं नाही. फॉर्मॅलिन लागलेलं नसल्याने डीएनए उलट चांगला मिळतो.

माझं घोडं अडलं ते कव्हरस्लिपपाशी, म्हणजे स्मीअरवर चिकटवलेल्या पातळ काचेपाशी. डीएनएसाठी स्लाइडवरच्या पेशी खरवडायच्या तर आधी ती निघायला हवी, म्हणून स्लाइड झायलीन या द्रावकात बुडवून ठेवायची. ताजी असेल तर लवकर सुटते, जुनी दिवसचे दिवस चिकटून बसते. एका रुग्णाचे डॉक्टर रोज फोन करायचे आणि मी रोज सकाळी जार उचलून कोपरा हलला का ते बघायचो. घाई करून उचकटावी तर पेशीही कव्हरस्लिपबरोबर निघतात. शेवटी सुटली, खरवडली, आणि ज्या स्लाइडवर निदान दिलं होतं तीच कोरी होऊन परत आली. स्कॅन करून ठेवली होती हे खरं, पण दुसऱ्या कोणी मत विचारलं तर दाखवायला मूळ काच नाही, ही गोष्ट मला फार लागली.

ब्लॉकमध्ये हा जीव टांगणीला लागत नाही. चार मायक्रॉनचा एकेक छेद, प्रत्येकावर वेगळा स्टेन, उरलेला ब्लॉक कपाटात. पीडी-एल१साठी निदान १०० जिवंत ट्यूमर पेशी मोजायच्या असतात आणि त्या चाचण्या मुळात फॉर्मॅलिनमधल्या ऊतींवर बसवलेल्या आहेत. तिथे ब्लॉक असला की वाद कमी होतो. फक्त टेक्निशियनला कोरे छेद एकाच बैठकीत काढायला सांगा. ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर (छेद काढायच्या यंत्रावर) चढला की पातळी जुळवण्यातच थोडा माल वाया जातो. पेशी विरळ असतील तर प्लाझ्मा-थ्रॉम्बिनची गुठळी करून पाहा, आमच्याकडे तरी बऱ्यापैकी जमते.

निदान तिथल्या तिथे द्यायचं आणि पुढच्या चाचण्या दुसरीकडेच होणार, असं काम असेल तर स्मीअरवर समाधानी राहायला हरकत नसावी. मी मात्र आता एक-दोन स्मीअर करतो, सुई फॉर्मॅलिनमध्ये धुतो आणि जमल्यास एक अख्खा पास (सुईची एक फेरी) ब्लॉकसाठीच मागून घेतो. क्षयाची शंका असली तर थोडा नमुना सलाइनमध्ये आधीच बाजूला काढतो. फॉर्मॅलिनमध्ये गेल्यावर कल्चरला काही उरत नाही.