६७ मिमीचा पोलरायझर आणि धामापूरचं तळं

सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या तळ्याच्या पायऱ्या पाण्याखाली उतरत जातात, हे लहानपणापासून बघत आलोय. फोटोत मात्र त्या कधी यायच्या नाहीत. डोळ्यांना तीन पायऱ्या दिसायच्या आणि फोटोत त्यांच्या जागी नुसतं पांढरं आभाळ. सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावून रिंग फिरवली की चकाकी कापणारा काचेचा फिल्टर, घेतला तो एवढ्यासाठीच. आता दोन हिवाळे वापरून झाले, म्हणून लिहितोय.

पहिला ऑनलाइन स्वस्तात मागवला होता, तो फुकट गेला. प्रत्येक फोटोवर जांभळट झाक, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग) कितीही बदलला तरी ती जाईना. दुसरा दुकानात जाऊन पारखून घेतला. पांढऱ्या कागदावर धरला की तो करडाच दिसला पाहिजे, रंग नको. मग लेन्सवर बसवल्यासारखा धरून त्यातून लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत फिरवायचा. एका ठिकाणी स्क्रीन जवळजवळ काळी झाली पाहिजे. हा त्यात पास झाला.

तळ्यावर कळलं, की नुसता फिरवून भागत नाही, कोनही साधावा लागतो. पाण्यावरची चकाकी हा फिल्टर सर्वात जास्त कापतो तो पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांवर बघताना. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर ती जागा पुढे दोन मीटरवर येते. पायरीवर बसून कॅमेरा खाली आणला की ती पायापाशी सरकते. तिथला जांभा, त्याची भोकं, शेवाळ, मधून जाणारे बारके मासे, सगळं लख्ख दिसतं. त्याच फ्रेममध्ये पलीकडच्या डोंगराचं आणि माडांचं प्रतिबिंब बऱ्यापैकी शाबूत राहतं, कारण लांबच्या पाण्याकडे आपण फार तिरपे बघत असतो आणि तिथे फिल्टरचा जोर कमी पडतो. मला हवा होता तो फोटो हाच, खाली तळ आणि वर डोंगर. म्हणून मी रिंग पूर्ण फिरवत नाही. तळ दिसू लागला की थांबतो.

एकदा असाच वाकून रिंग फिरवत होतो, तर देवळाकडून येणाऱ्या एक आजी थांबल्या. "काय रे झिला, पाण्यात काय पडला?" मी स्क्रीन दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या. भगवतीला फुलांची परडी अर्पण केली की लग्नाचे दागिने या तळ्यातून वर यायचे, ही गोष्ट इथे प्रत्येकाने ऐकलेली. १५३० सालचं हे तळं २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाच्या वारसा यादीत गेलं, पण त्याचं निम्मं सौंदर्य पाण्याखाली आहे आणि फोटोत ते कुणी आणत नाही, याचं मला वाईट वाटतं.

फोकसचंही सांगतो. प्रतिबिंबाचा फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नसतो, तो डोंगराइतका लांब असतो. तरंगत्या पानावर फोकस धरलात तर डोंगर भुरकट येणार. मी एफ/११ ठेवतो, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, की जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. त्यात फिल्टर सव्वा-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) खातो, १/१२५ चा शटर १/५० वर येतो, म्हणून सकाळी ट्रायपॉड लागतोच.

गढूळ पाण्यापुढे याचं काही चालत नाही. पावसाळ्यात तळ विसरा. मात्र ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो आणि रान खरं हिरवं दिसतं, तेव्हा जुलैतही तो माझ्या लेन्सवर असतो. १८ मिमीवर, म्हणजे लेन्सच्या सर्वात रुंद टोकाला, आभाळ घेतलं तर निळ्याचा एक पट्टा गडद आणि बाकी फिकं, असं होतं. तळ्यावर मी आभाळ फ्रेमबाहेरच ठेवतो.

तारकर्लीच्या किनाऱ्यावर नेल्यानंतर रिंग खरखरू लागली, खारं आणि रेती आत गेली होती. तेव्हापासून घरी आल्याआल्या गोड्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून ठेवतो. घेण्याआधी लेन्सच्या तोंडावर काट मारलेल्या गोलापुढचा आकडा बघा. माझ्या १८-१४० मिमीच्या झूम लेन्सवर तो ६७ आहे, तुमच्या लेन्सवर वेगळा असू शकतो.