लाकडी बाहुला, कोळसा आणि शाडू: माणूस काढायला शिकतानाचे दहा महिने

वेंगुर्ल्यात माझं शिवणाचं दुकान आहे. एकोणीस वर्षं बायकांची मापं घेतेय. जवळजवळ प्रत्येकीचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा जरा उतरलेला असतो, ते मला टेप न लावताही दिसतं. तरी गेल्या चतुर्थीनंतर कागद घेऊन उभी बाई काढायला बसले, तेव्हा मापं बरोबर येत होती आणि बाई काही केल्या उभी राहत नव्हती. तेव्हापासून या आषाढापर्यंत तीन वस्तू जवळजवळ रोज हाताळल्या: सांधे वळणारा बारा इंची लाकडी बाहुला, कोळशाच्या कांड्या आणि शाडू. आपल्याकडच्या दमट हवेत, घरच्या घरी, क्लासशिवाय कुणाला शिकायचं असेल तर माझा अनुभव कामी येईल.

बाहुला मी ऑनलाइन मागवला. सुरुवातीचे दोन महिने त्याचा उपयोग झाला, नाही म्हणणार नाही. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट, उंचीचा मध्य बेंबीशी नाही तर खाली जांघेपाशी, ही प्रमाणं त्याच्यामुळे डोळ्यांत बसली. मग मी घरच्यांवर टेप लावून ताडून पाहिलं. आमचा टेप 60 इंचांचा, म्हणजे बहुतेकांची उंची त्यात मावत नाही, दोनदा लावावा लागतो. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर जवळपास उंचीइतकंच भरतं. डोळे असतात डोक्याच्या बरोब्बर निम्म्यावर. नव्याने काढणारा ते हमखास वर चढवतो, कारण कपाळ आणि टाळू तो हिशेबातच धरत नाही. आणि नवजात बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असतं. झबल्याला आपण मागून उघडं ठेवून नाड्या लावतो ते उगाच नाही.

पण खरी अडचण पुढे आली. ब्लाऊजची ट्रायल घेताना मी प्रत्येकीला सांगते, हात वर करून बघा. हात वर गेला की नुसती बाही हलत नाही, मुंढ्यापासून सगळा ब्लाऊज वर चढतो. कारण हात फक्त खांद्याच्या खोबणीत फिरत नाही. पाठीवरचं फऱ्याचं हाड बरगड्यांवरून सरकत फिरतं आणि त्याच्याबरोबर गळ्याजवळचं हासळीचं हाड उचललं जातं. हात पूर्ण वर, 180 अंशांत नेला तर त्यातले सुमारे 60 अंश त्या फऱ्याचे असतात. बाहुल्याला ना फरा, ना हासळी. त्याचा हात वर केला की खांदा जागच्या जागी राहतो. मी तीन आठवडे तसेच हात काढत होते, आणि चित्रातली बाई विहिरीवर पाणी ओढतेय असं कुणालाच वाटत नव्हतं. एक दिवस दुकानात एक काकी ट्रायलला उभ्या होत्या, त्यांच्या उघड्या पाठीवर तो फरा कातडीखालून सरकताना दिसला. त्या रात्रीपासून बाहुला कपाटावर आहे. पुढे पावसाळी हवेने त्याची आतली स्प्रिंगही गंजली. पैसे वाचवायचे असतील तर तो घेऊ नका. घरात आरसा आहे, माणसं आहेत.

आता कोळसा. ही वस्तू मला मनापासून आवडली, फक्त तिची हवामानाशी गाठ आहे. नोव्हेंबर ते मे काहीही त्रास नाही. साध्या न्यूजप्रिंटवर हलकी कांडी आडवी धरून ओढली की एका फटकाऱ्यात पाठीची कमान येते, चुकली तर फडक्याने झटकून टाकायची. पण जून लागला की कागद दमट होतो, मऊ पडतो, कोळसा त्याच्यावर बसतच नाही, नुसता ओरखडा उठतो. माझ्या दोन वह्यांना बुरशी आली. आता कागद पत्र्याच्या ट्रंकेत प्लास्टिकमध्ये बांधून ठेवते आणि लागतील तेवढेच बाहेर काढते. कोळसा बोटांना लागतो, तेव्हा कुणाचं शिवण जवळ असताना हात लावायचा नाही, हा माझ्या दुकानाचा नियम.

कोळसा खरा कामाला आला तो रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर किनाऱ्यावर जायचे. होडीतून जाळं अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर दोन रांगा करून किनाऱ्यावरून ओढतात. वीस-पंचवीस माणसं, उघड्या पाठी, एकाच कामात आणि प्रत्येकाची ठेवण वेगळी. एकेका माणसाला मी तीस सेकंद द्यायचे, जास्तीत जास्त दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यातली सगळी चित्रं फसली. माझे लोक दोर धरून उभे होते, ओढत नव्हते. एक म्हातारे रापणकर वही बघायला थांबले आणि म्हणाले, “बाय, रापण हातान नाय ओढणत, पायान ओढतत.”

मग मी हात काढायचे थांबवले. आधी वाळूत रुतलेली टाच, तिथून नडगी, गुडघा, कंबर, आणि शेवटी डोकं. ओढणाऱ्याचं अंग इतकं मागे कललेलं असतं की दोर सोडला तर तो पाठीवर पडेल. दोराचा ताण धरूनच तो उभा राहू शकतो. नुसत्या उभ्या माणसाचंही तेच, फक्त हळू. एका पायावर भार आला की त्या बाजूचा कमरेचा काठ वर जातो, आणि तोल सांभाळायला खांदा उलट कलतो. देवळातल्या मूर्तीतला त्रिभंग, म्हणजे तीन ठिकाणी वळलेली उभी ठेवण, मी लहानपणापासून बघत आलेय, तो अंगाच्या तोलातून येतो हे कळायला मला रापण बघावी लागली.

शाडूबद्दल मात्र मी भरभरून लिहीन. आमच्या आळीत गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा आहे, नागपंचमीच्या सुमारास लोक तिथे पाट नेऊन देतात. त्यांच्याकडे शाडू गुजरातेतून पोत्यांनी येते. चतुर्थीनंतर उरलेली अर्धी गोणी त्यांनी मला दिली. कागदावर चूक लपते, शाडूत लपत नाही. समोरून बरोबर दिसणारी आकृती फिरवली की कळतं, पाठ सपाट आहे, मान छातीतून सरळ वर आलीय. खरी मान पुढे झुकते आणि मागे मानेच्या तळाशी एक मणका बोटाला टोचतो. गळ्याचं माप घेताना टेप मी तिथूनच फिरवते. तो मणका शाडूत अंगठ्याने उठवला आणि मूर्तीची मान पहिल्यांदा माणसाची वाटली.

त्रासही सांगते. शाडू वाळताना आकसते, आत धरलेली तार आकसत नाही. म्हणून नुसत्या तारेवर लावली की चिरते, आणि सगळ्यात आधी घोट्यात, तिथे माती कमी म्हणून. माझ्या चार उभ्या मूर्ती अशाच घोट्यात मोडल्या. शाळेतल्या तात्यांनी तारेला काथ्या गुंडाळायला सांगितलं आणि मातीतही बारीक कुटलेला काथ्या मळायला सांगितला. पाचवी टिकली. एप्रिल-मेमध्ये काम सोडून उठताना ओलं फडकं आणि वर प्लास्टिक, नाहीतर सकाळी बोटं गळून पडलेली असतात. पावसाळ्यात उलट, चार-चार दिवस माती नरम राहते, शिकणाऱ्याला याहून चांगले दिवस नाहीत. पहिल्या मूर्ती बसलेल्याच करा, घोट्याचा प्रश्नच येत नाही.

फेब्रुवारीत अलिबागजवळ सासवण्याला जाऊन आले. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर तिथलेच, जन्म 1891 चा. पुण्यातला 1928 चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्यांच्या घरातच त्यांची शिल्पं मांडली आहेत. आमच्यासारख्याच किनाऱ्यावरची माणसं, आणि प्रत्येकाचे पाय जमिनीवर असे टेकलेले की भार दिसतो. मी दोन तास फक्त पाय आणि टाचा काढल्या. वही भरली तेव्हा बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

सध्या पाटावर एक रापणकर आहे, फूटभर उंचीचा. डाव्या घोट्यात बारीक चीर दिसतेय, काल रात्रीपासून ओलं फडकं गुंडाळून ठेवलंय. तुम्हाला शाडू हवी असेल तर आत्ता शाळांत विचारू नका, त्यांचे हे धावपळीचे दिवस. चतुर्थी होऊ दे, मग जा, आणि काथ्या घरून न्या.